शिकाऊ माणसाच्या हातात बिटाचा लगाम देऊ नका

टुरिस्ट सीझन परत सुरू होतोय, बीचवर घोडे दिसायला लागतील, म्हणून हे आत्ताच लिहून टाकतो. बिट म्हणजे लगामाला जोडलेली, घोड्याच्या तोंडात बसणारी धातूची दांडी, आणि बिटलेस म्हणजे ती नसलेला लगाम. बिट की बिटलेस यावर घोडेवाल्यांत जे वाद चालतात ते सगळे घोड्यावरून, म्हणजे हा घोडा तापट आहे का, बिनबिटाचा ऐकेल का वगैरे. माझं म्हणणं आहे की आधी वर कोण बसणार ते बघा. ज्याला लगाम न धरता स्वतःचा तोल सांभाळता येत नाही त्याच्या हातात घोड्याचं तोंड देऊच नये, मग तो टुरिस्ट असो की क्लासला येणारं शाळकरी पोर.

घोड्याच्या खालच्या जबड्यात पुढचे दात संपले की दाढा सुरू होईपर्यंत मोकळी हिरडी असते, बिट तिथे बसतं. त्या जागी मांस जवळजवळ नाहीच, पातळ कातडी आणि खाली लगेच हाड, शिवाय बिटाखाली जीभ दबते ती वेगळीच. तयार स्वाराने मूठ जराशी मिटली तरी घोड्याला कळतं. शिकाऊ माणूस मात्र घोडा दुडक्या चालीत आला की घाबरतो आणि कदंबाच्या बसमध्ये उभं राहून वरची दांडी धरावी तसा लगामाला लटकतो, म्हणजे प्रत्येक उसळीला एक हिसका, थेट त्या हाडावर.

मागच्या सीझनला उत्तर गोव्यातल्या एका बीचवर बघितलं, एक बाई सेल्फी काढत होत्या, एका हातात मोबाइल आणि दुसऱ्या हातातला लगाम पार छातीपर्यंत ओढलेला. घोड्याने आ केलेला, जीभ बिटाच्या वर काढलेली, ओठाच्या कोपऱ्यात फेस आणि तो फेस गुलाबी. बाईंना दोष नाही देत मी, त्यांना कोणी काही सांगितलंच नव्हतं. घोडेवाल्या पोराला म्हटलं, अरे बाबू, तोंड बघ त्याचं. तर म्हणतो, "काय नाय होत काका, सवय आहे त्याला."

आणि हे फक्त बीचवरचं नाही हो. फिनलंडमध्ये शर्यतीनंतर २६१ ट्रॉटर घोड्यांची, म्हणजे हलक्या गाडीला जुंपून दुडक्या चालीत पळवतात त्यांची, तोंडं तपासली होती, २०१९ साली ते छापून आलं, ८४ टक्के घोड्यांना बिटाच्या जागी ताज्या जखमा होत्या आणि बाहेरून रक्त दिसलं असे घोडे मोजकेच. तिथे लगाम रोज हाकणाऱ्यांच्या हातात होता! म्हणजे तोंड उघडून बघितल्याशिवाय काही कळत नाही. एके काळी अरबी घोडे आपल्या गोव्याच्या बंदरात उतरून विजयनगरला जायचे, आज त्याच गोव्यात घोड्याचे दात नीट तपासणारा माणूस शोधत फिरावं लागतं.

आता नेहमीचा प्रश्न, बिट नाही तर थांबवणार कसा? साडेतीनशे-चारशे किलोचं जनावर ताकदीने थांबत नसतं. घाबरून उधळलेल्या घोड्याचं तोंड दुखवलं तर तो अजून पळतो. थांबणं शिकवावं लागतं, आवाजावर, बसण्यातल्या वजनावर, एका बाजूचा लगाम घेऊन गोल वळवून, आणि हे सगळं साइडपुलवर, म्हणजे लगाम नाकपट्ट्याच्या दोन्ही बाजूंना जोडलेल्या बिनबिटाच्या साजावर, शिकवता येतं. आंतरराष्ट्रीय जंपिंगमध्ये एवढ्या उड्या मारतात तिथेसुद्धा एफईआयच्या, म्हणजे घोडेस्वारीच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, नियमात बिटलेस चालतं. त्यांच्या ड्रेसाजला, म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या स्पर्धेला, बिट सक्तीचं आहे, ते ज्याला करायचंय त्याने बिटावर यावंच, मी स्वतः माझ्या घोडीला जोडाचं स्नॅफल, म्हणजे मध्ये सांधा असलेलं साधं बिट, वापरतो. पण हात स्थिर झाल्यावर.

बिटलेस म्हणजे आपोआप दयाळू असंही समजू नका. लांब दांड्यांचा मेकॅनिकल हॅकमोर नावाचा बिनबिटाचा साज मिळतो, त्यात लिव्हरमुळे ओढ कितीतरी पटीने वाढून नाकावर आणि हनुवटीखाली बसते, तो शिकाऊ माणसाला अजिबात नको. साधा साइडपुल घ्या. नाकपट्टा हाडावर बसला पाहिजे, नाकपुड्यांकडे हाड निमुळतं होत संपतं, त्याच्या खाली पट्टा गेला तर श्वास अडतो, कारण घोडा तोंडाने श्वास घेऊ शकत नाही. पट्ट्याखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत.

आणि आपल्याकडची खरी भानगड म्हणजे हवा. पावसात चामड्याला बुरशी, बीचवर घाम, मीठ आणि रेती, त्यात चामडं ओलं होऊन वाळलं की कडक होतं आणि पट्ट्याखालची रेती दिवसभर नाक घासते, आधी केस जातात मग कातडी. त्यामुळे रोज राइड झाली की पट्टा आणि नाक दोन्ही गोड्या पाण्याने धुवा, आतून मऊ नमदा लावून घ्या, ओळखीचा मोची असेल तर तो शिवून देतो, फार खर्च नाही.

काटेरी बिट तर १९६५ च्या केंद्राच्या नियमांतच बंद आहे, कुठे दिसलं तर बसू नका आणि तक्रार करा. बीच राइडला तसंही पोरगा दोरी धरून पुढे चालत असतो, मग टुरिस्टच्या हातात बिटाचा लगाम कशाला हवा? पैसे देण्याआधी सरळ सांगा, मला लगाम नको, दोरी म्होरकीला बांध, मी खोगीर धरून बसतो.