‘चालतं सिलिंडर काढून बिल फुगवलं’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

विमान ठरल्यापेक्षा उशिरा मिळालं, आपल्याला मनस्ताप झाला, त्याबद्दल दिलगीर आहोत. एक तारा दिलात, तो आपला हक्क. पण ‘५४ कॉम्प्रेशन चालतं असं सगळीकडे लिहिलेलं आहे, यांनी बिल फुगवायला चांगलं सिलिंडर उतरवलं’ हे वाक्य जिव्हारी लागलं. आपल्या भागात खासगी विमानं आहेत किती? त्यातल्या एका मालकाने असं लिहिलं की बाकीचे हँगरच्या दारातूनच मागे फिरतात. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

५४ चालतं, म्हणजे सिलिंडरमध्ये ८० पाउंड दाबाने हवा सोडली की ५४ टिकला तरी चालतो, असं आपण वाचलंत ते खोटं नाही, पण ते कॉन्टिनेंटल इंजिनाबद्दल आहे. तिथे मास्टर ऑरिफिस, म्हणजे ठरावीक गळती देणारं मोजमापाचं छिद्र, लावून त्या दिवसाची खालची मर्यादा गेजवरच ठरवतात. ती चाळिशीतही येते, आणि तरी बोरस्कोप (सिलिंडरच्या आत बघायचा बारीक कॅमेरा) घालून बघावंच लागतं. आपल्या सेस्ना १७२पी मध्ये लायकमिंगचं ओ-३२०-डी२जे आहे. लायकमिंगची सर्व्हिस इन्स्ट्रक्शन ११९१ सांगते की सिलिंडरांमध्ये ५ पाउंडांचा फरक ठीक, १० ते १५ झाला तर तपास करा, आणि आकडा ६० च्या खाली गेला तर सिलिंडर उतरवून ओव्हरहॉल करण्याचा विचार करा. आपले आकडे ७४, ७६, ५४, ७३ असे होते. कमी भरलं ते तीन नंबरचं, म्हणजे उजवीकडचं मागचं.

त्या एका आकड्यावर आम्ही पान्याला हात लावलेला नाही. इंजिन गरम असतानाच, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर, म्हणजे सगळ्यात वरच्या टोकाला, आणून, एकाने प्रोपेलर धरून ८० पाउंड हवा सोडली. गळती डिपस्टिकच्या नळीतून ऐकू आली असती तर रिंगा, कार्ब्युरेटरकडून आली असती तर इनटेक व्हॉल्व्ह. आवाज एक्झॉस्ट पाइपातून येत होता. व्हॉल्व्ह टेकतो त्या सीटवर कार्बन अडकलेला असू शकतो, म्हणून रॉकर कव्हर काढून मऊ हातोडीने व्हॉल्व्ह ठोकला, इंजिन चालवलं, पुन्हा मोजलं: ५६. मग बोरस्कोप घातला. धड एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या तोंडावर रंगाची वलयं मधोमध, गोल असतात. आपल्या व्हॉल्व्हची वलयं एका बाजूला सरकलेली होती आणि कडेला चंद्रकोरीएवढा भाग वेगळ्याच रंगाचा झाला होता. ही कड जळायला लागल्याची खूण. नुसता आकडा कमी असता तर दहा तास उडवून पुन्हा तपासायला वाव होता, तशी मुभा लायकमिंगही देतं. जळलेली कड मात्र उडवून भरून येत नाही. तिचा तुकडा सुटला तर चारातलं एक सिलिंडर उडतानाच बंद पडतं आणि पिस्टनही सोबत नेतं.

‘चार बोल्ट काढायचे एवढे पैसे?’ असंही लिहिलंत. या इंजिनात सिलिंडरचे काही स्टड आरपार जातात आणि क्रँककेस, म्हणजेच मेन बेअरिंगं, आवळून धरतात. सिलिंडर निघालं की त्या जागी ते स्टड आवळून धरणारी टॉर्क प्लेट लावावी लागते, नाहीतर प्रोपेलर जरा फिरला तरी बेअरिंग सरकायची भीती. बसवताना अर्ध्या इंची नटांना ५० फूट-पाउंड, ३/८ इंचींना २५, तेही टप्प्याटप्प्याने. मग टॅपेटचं, म्हणजे कॅमकडून व्हॉल्व्ह हलवणाऱ्या भागाचं, कोरडं अंतर ०.०२८ ते ०.०८० इंचात आहे का ते बघायचं. सिलिंडर उतरलेलंच होतं म्हणून कॅम आणि टॅपेटही बघून घेतले. गंज नव्हता. त्याचे वेगळे पैसे लावलेले नाहीत, अभिप्रायात ते आलं नाही एवढंच.

उशिराबद्दल: आपण स्वतः ऑनलाइन मागवलेल्या सिलिंडरसोबत फॉर्म ८१३०-३, म्हणजे भाग विमानात बसवण्यायोग्य असल्याचा दाखला, नव्हता. कागदाविना आलेला भाग बसवून कोणताही परवानाधारक एएमई (विमान देखभाल अभियंता) विमान उडवायला सोडण्याच्या रिलीजवर सही करणार नाही, आमच्यानेही केली नाही. दुसरं मागवून कस्टममधून सोडवण्यात दिवस गेले.

एक गोष्ट आपल्याला आवडणार नाही, तरी सांगतो. लॉगबुकात दोन ऑइल बदलांमध्ये अकरा महिन्यांचं अंतर आहे. लायकमिंगची मर्यादा फिल्टर असेल तर ५० तास किंवा चार महिने, जे आधी होईल ते. विमान पावसाळाभर जुहूच्या खाऱ्या हवेत उभं होतं. दर रविवारी दहा मिनिटं स्टार्ट केल्याने ते राखलं जात नाही. ऑइल ७५ अंश सेल्सिअसच्या आसपास तापत नाही, त्यातलं पाणी आतच राहतं, आणि मिक्श्चर रिच (इंधन जास्त) ठेवून मंद चालवलं की १००एलएल या विमानाच्या पेट्रोलमधलं शिसं व्हॉल्व्हच्या दांड्याभोवतीच्या गाइडमध्ये साठतं. खालच्या स्पार्क प्लगांमध्ये शिशाच्या गोळ्या मिळाल्या, त्या आपल्याला दाखवल्याही होत्या.

यापुढे मोठं काम निघालं की फोटो आधी व्हॉट्सअॅपवर पाठवू, अंदाजपत्रकाचंही काहीतरी नीट बसवतो आहोत. जुनं सिलिंडर टॅग लावून ठेवलंय, हव्या त्या एएमईला दाखवा. नव्या सिलिंडरसाठी साधं मिनरल ऑइल भरलं आहे. ऑइलचा खप स्थिरावेपर्यंत किंवा ५० तास तेच ठेवा, ६५ ते ७५ टक्के पॉवरवर उडवा, आणि रविवारचं ते स्टार्ट करणं कृपया बंद करा.