मामाचं डस्टर

(स्पॉयलर आहेत. बघायची असेल तर इथंच थांबा.)

काल रात्री दीड वाजता 'डेली डोस ऑफ सनशाइन' या कोरियन सीरीजचा बारावा, म्हणजे शेवटचा एपिसोड संपवला. सुजलेल्या डोळ्यांनी ऑफिसला गेले. आणि आज डबा खाताना आमच्यातलीच एक, चांगली शिकली-सवरलेली, म्हणते, "शेवट काही पटला नाही बाई. नातेवाईक बरोबरच बोलत होते. असल्या नर्सच्या हाती कोण देईल आपला पेशंट?"

कॅन्टीनच्या भिंतीवर टेलि-मानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, १४४१६ नंबर चिकटवलाय. बरोब्बर त्याच्याखाली बसून!

तिथं मी भेंडीची भाजी चिवडत गप्प बसले. आता इथं भडाभडा लिहितेय.

ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २०२३ची सीरीज. पार्क बो-यंग या अभिनेत्रीनं केलेली दा-उन, मेडिसिन वॉर्डातून सायकियाट्री वॉर्डात आलेली नर्स. जीव लावलेला एक पेशंट आत्महत्या करतो आणि ही स्वतःच डिप्रेशनमध्ये जाते. आईच सही करून तिला दुसऱ्या हॉस्पिटलात भरती करते. बरी होऊन ती कामावर परत येते, तेव्हा ओरडा कोण करतं? पेशंटांचे नातेवाईक! ज्यांचं स्वतःचं माणूस आत आहे, ते. अहो, ही तुम्हाला चालत नसेल तर उद्या तुमचं माणूस बाहेर आल्यावर ते कुणाला चालणार आहे?

माझा मामा भूमितीचा मास्तर होता. सांगली जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, साल १९९६. फळ्यावर हाताने वर्तुळ काढायचा, कंपास लाजेल असं. मग तो झोपेनासा झाला, बोलेनासा झाला. मिरजेला दीड महिना अॅडमिट होता. गावात सांगितलं, टायफॉइड. आजी त्याच्या गोळ्या पाकिटातून सोलून कॅल्शियमच्या डबीत भरून ठेवायची. रस्त्याकडची खिडकी तर वर्षभर उघडली नाही.

या सीरीजच्या मूळ कोरियन नावाचा अर्थच असा आहे, की मनोरुग्णांच्या वॉर्डातही सकाळ होते. तिथं खिडक्यांना पडदे नसतात, म्हणून उजेड सगळ्यात आधी तिथंच येतो. पहिल्याच एपिसोडला हे ऐकलं आणि मला ती खिडकी आठवली.

बरा होऊन मामा शाळेत गेला. चार पालक हेडमास्तरांकडे गेले होते. "गुरुजी, तुम्ही आता लायब्ररी बघा." झालं. निवृत्त होईपर्यंत लायब्ररी. पण डस्टर रोज पिशवीत. संध्याकाळी कोपऱ्यावर झटकायचा. खडू नव्हताच त्यात, तरी झटकायचा.

असल्या पालकांना मी आजही माफ केलेलं नाही.

हो, मान्य, आपलं लेकरू म्हटल्यावर माणूस घाबरतं. आणि हेही मान्य, की सीरीजमधला तो प्रेमाचा त्रिकोण नसता तरी काही बिघडलं नसतं, आणि असली पाठीशी उभी राहणारी हेड नर्स प्रत्येकीच्या नशिबी नसते. तिची स्वतःची बहीण स्किझोफ्रेनियाची पेशंट असते, म्हणून तिला कळतं. आपल्याला मात्र घरात माणूस असूनही कळत नाही. मानसिक आरोग्याचा कायदा २०१७चा आहे, विम्यात मनाच्या आजाराला शरीराच्या आजाराइतकंच धरा म्हणतो. आणि आपण अजून "येरवड्याला नेऊन टाका" म्हणून हसतो. मीही हसलेय.

खरं सांगू? त्या बाईवर मी एवढी का चिडले ते आत्ता लिहिताना कळतंय. मी त्याच शाळेत सहावीत होते. मैत्रिणीनं विचारलं, "लायब्ररीतले सर तुझे मामा ना गं?" मी म्हणाले, "लांबचे." लांबचे! ज्याच्या सायकलच्या दांडीवर बसून मी शाळेत जायचे, तो.

मघाशी त्याला फोन केला. सत्तरीला आलाय. अख्खी गोष्ट सांगितली, दा-उनची. नेहमी मधे मधे बोलणारा माणूस, मुकाट ऐकत होता. संपल्यावर विचारलं,

"मग परत वॉर्डातच घेतलं ना तिला? का ऑफिसात बसवलं?"

"वॉर्डातच, मामा."

"बरं," म्हणाला. मग जरा वेळाने, "जेवलीस का?"