मुलांना मातीत कसं घालावं

मुलगा जेवताना मोबाईल बघतो, बाथरूममध्ये नेतो, आणि हल्ली आजीशी बोलतानाही त्याचा एक डोळा तिकडेच असतो हे तुमच्या लक्षात आलं असेल, तर आधी अभिनंदन. म्हणजे मध्ये कधीतरी तुम्ही स्वतःच्या मोबाईलमधून मान वर केली होती. उपायही तुम्हाला ठाऊक आहेच: बागकाम. मातीत हात घातले की मुलं शांत होतात, हे तुम्ही रात्री पाऊण वाजता अंथरुणात पडल्या पडल्या एका रीलमध्ये पाहिलंत आणि लगेच अकरा जणांना फॉरवर्ड केलंत. अर्धं बागकाम तिथेच झालं. उरलेल्या अर्ध्यासाठी या चार सूचना.

पहिला प्रश्न जागेचा. तुम्ही घोडबंदर रोडला राहत असाल (सकाळी साडेआठला तरी अख्खं ठाणं तिथेच राहतं असं वाटतं), तर फ्लॅटचा ताबा मिळाल्याच्या महिन्यातच बाल्कनी हॉलमध्ये घेतलेली असणार. राहिली खिडकीची ग्रिल. तिथे एसीचं धूड, कांद्याची टोपली आणि 'लागेल कधीतरी' म्हणून ठेवलेली लादी आहे. यांतून वाट काढून ऊन आत येतं ते दिवसाला दोन तास. कुंडीखाली ताटली ठेवायला विसरा, म्हणजे खालच्या मजल्यावरच्या काकूंशी चार वर्षांत न झालेली ओळख आठवडाभरात होईल.

खाली सोसायटीचं गार्डन आहे, पण मुलाला तिथे नेऊ नका. ब्रोशरमध्ये त्या हिरवळीवर एक गुटगुटीत बाळ फुलपाखरामागे धावत होतं. ते ब्रोशरमध्येच राहिलं, प्रत्यक्षात पाट्या आल्या. 'हिरवळीवर चालू नये.' 'फुले तोडू नयेत.' 'बॉल खेळण्यास सक्त मनाई.' आमच्याकडे एका पोराने कडेच्या वाफ्यात आइस्क्रीमच्या काडीने खड्डा खणला, तर तासाभरात त्याचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर. वर लाल गोल. खड्डा चार इंचांचा. गेटबाहेर जूनपासून म्हैस बसेल एवढा खड्डा आहे, त्याला अजून कोणी लाल गोल दिलेला नाही.

येऊरच्या जंगलात तर मुळीच जाऊ नका. तिथे मध्येच रेंज जाते आणि मुलाशी बोलावं लागतं.

आता सामान. स्वयंपाकघरात मेथीदाणे आहेत, मोहरी आहे, धने आहेत. मूठभर मेथी रात्री भिजवून पसरट कुंडीत टाकली की तीन-चार दिवसांत वर येते, खर्च शून्य. पण फुकट उगवलेल्या मेथीने मुलावर कसले संस्कार होणार? किट मागवा. त्यात कोकोपीटची वीट, छोटे हातमोजे (मातीत हात घालायचे, पण हाताला माती लागता कामा नये), चित्रांचा एप्रन आणि मातीचा ओलावा मोजणारा सेन्सर असतो. सेन्सरला ॲप लागतं. तुमच्या फोनमध्ये जागा नाही, तो सुप्रभातच्या फुलांनी भरलाय. म्हणून ॲप मुलाच्या टॅबवर घ्या. आता तुळशीला तहान लागली की टॅब वाजतो, मुलगा धावत येतो, टॅब उचलतो आणि सोफ्यावर बसतो. तुळस तहानलेलीच, पण तिची तहान नोंदली गेलेली असते.

पेरणीचा दिवस रविवार ठेवा, शूटिंगला उजेड बरा मिळतो. पहिल्यांदा मुलाचा चेहरा अंधारात जाईल, दुसऱ्यांदा मागे वाळत घातलेला बनियन येईल, तेव्हा तीनदा पेरायला लावा. धने पेरणार असाल तर आजीला विचारू नका. ती म्हणेल, 'अरे, अख्खे नको टाकूस, लाटण्याने जरा रगडून दोन फाका कर. एका दाण्यात दोन बिया असतात. आणि तरी आठ-दहा दिवस लागतीलच.' तिचं बरोबर आहे, म्हणून तर नको. आठ-दहा दिवस काहीही न दिसणारी गोष्ट आजच्या मुलाला कशी दाखवायची? तो शाळेतून आल्यावर बी उकरून बघतो. रात्री पुन्हा उकरतो. पांढरं शेपूट आलं का, गेलं कुठे, मुंगीने नेलं का, असले प्रश्न त्याला पडतात. अशा वेळी त्याच्यावर ओरडा, धीर धरायला शिकवा. हे शिकवत असतानाच तुमची दहा मिनिटांत येणारी ऑर्डर चौदा मिनिटांवर गेली, तर कस्टमर केअरला झापायला मोकळे व्हा.

पाहुण्यांसमोर टाकायला थोडी माहितीही जवळ ठेवा. जर्मनीत फ्रोबेलने 1840 मध्ये आपल्या शाळेला 'किंडरगार्टन' नाव दिलं, म्हणजे मुलांची बाग. आपल्याकडे ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला बालवाडी काढली; तेव्हा बोर्डी ठाणे जिल्ह्यातच होतं, पालघर वेगळा झाला 2014 मध्ये. 'बालवाडी'तली वाडी म्हणजे तीच, नारळी-पोफळीची असते ती. पुढे कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई आणि अनुताई वाघांनी कुरणशाळा चालवली: मुलं गुरं घेऊन रानात जातात ना, मग शाळाच त्यांच्यामागे रानात. आपण त्यांच्या पुढे गेलो. मुलाला नर्सरीत घातलं, तिची फी भरताना एफडी मोडली, आणि नर्सरीत रोपंही मिळतात हे साफ विसरलो.

जागतिक आरोग्य संघटनेचा हवाला दिलात तर वजन आणखी वाढेल. 2019 च्या त्यांच्या शिफारशी सांगतात की दोन ते चार वर्षांच्या मुलांनी स्क्रीनपुढे बसून दिवसाला तासाभरापेक्षा जास्त वेळ काढू नये, कमी तितकं चांगलं. एक वर्षाच्या बाळाला तर नकोच. आणि पळणं-खेळणं मात्र दिवसाला 180 मिनिटं हवं. ही शिफारस मुलाला मोबाईलवरूनच वाचून दाखवा. चाळिशीच्या बाबांसाठी त्यात आकडा नाही, हे मी दोनदा स्क्रोल करून पाहिलंय.

शेवटची सूचना झाडाच्या निवडीबद्दल. मनी प्लँट घ्या, सक्युलंट घ्या, काहीही घ्या, पण लाजाळू घरात येऊ देऊ नका. आमच्याकडे ते कोणी आणलं नाही. मोगऱ्याच्या पिशवीतल्या लाल मातीतून आपोआप आलं, मी तण समजून उपटणार होतो. सात वर्षांच्या लेकीने त्याला आधी बोट लावलं. पानाच्या टोकाकडून एकेक जोडी मिटत आली, मग अख्खा देठच मान टाकल्यासारखा खाली पडला. तिने श्वास रोखला. मग ती तिथेच, कांद्याच्या टोपलीशेजारी, उकिडवी बसली. काही मिनिटांनी पानं उघडली. तिने पुन्हा बोट लावलं. पुन्हा बसली. पाऊण तास हेच. हॉलमध्ये टॅब दोनदा वाजला, तिने ढुंकून पाहिलं नाही. एवढ्या वेळात एक पॉइंट नाही, लेव्हल नाही, जाहिरातसुद्धा नाही.

असा क्षण वाया जाऊ देऊ नये म्हणून मी मोबाईल घेऊन धावलो. 'थांब थांब, परत कर.'

'बाबा, ते आत्ताच मिटलंय. थांबावं लागतं.'

मी रेकॉर्डिंग चालू ठेवून थांबलो. मग वरून एक मेसेज आला, तो वाचला, त्याला अंगठा दिला. मान वर केली तेव्हा लाजाळू उघडून पुन्हा मिटलंही होतं. व्हिडिओ आहे माझ्याकडे, सव्वाचार मिनिटांचा. त्यात सुरुवातीला मिटलेली पानं आहेत, मग बराच वेळ फरशी आहे, आणि अगदी शेवटी माझा आवाज: 'अगं, लवकर कर ना.'