‘जुना ठाणेकर’ यांस उत्तर

काका, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया रात्री अकराला वाचली आणि तेव्हाच उत्तर लिहायला बसणार होते. म्हटलं नको, चहा झाल्यावर लिहू. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: काकांचं म्हणणं असं की जुन्या ‘मिस इंडिया’ स्पर्धकांवर मी माझ्या लेखात उगाच हळवी झाले. त्या बायका बड्या घरच्या मेमसाहेबा, तयारी शून्य, म्हणून बाहेर जाऊन हरून यायच्या. पुढे शास्त्रशुद्ध ट्रेनिंग सुरू झालं आणि १९९४ पासून मुकुट यायला लागले. मधु सप्रेचं उदाहरण तर ‘हातातोंडाशी आलेला घास घालवला’ या सदरातलं. आणि जाता जाता, रीटा फारियाला मी ‘गोव्याची मुलगी’ म्हटलं ते चूक.

शेवटचं आधी. चूक माझीच. आई-वडील गोव्याचे, पण रीटाचा जन्म माटुंग्याचा आणि शिक्षण ग्रँट मेडिकल कॉलेजात. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे.

पण काका, रीटाचं नाव तुम्ही स्वतःच काढलंत आणि तिथेच तुमचा मुद्दा अडकला. १७ नोव्हेंबर १९६६ ला लंडनमध्ये ती ‘मिस वर्ल्ड’ झाली. आशियातली पहिली. कोणतं ट्रेनिंग होतं? त्या वर्षी रुपयाचं अवमूल्यन झालेलं, परकीय चलनाची मारामार, पर्समध्ये तीन पौंड. स्विमसूट आदल्या वर्षीची ‘मिस इंडिया’ पर्सिस खंबाटा हिच्याकडून उसना आणलेला, तोही उंचीमुळे नीट बसेना. (आमच्या काळी असलं काही नव्हतं, असं तुम्ही लिहिलंय म्हणून मुद्दाम सांगते. ‘मिस वर्ल्ड’ १९५१ मध्ये सुरू झाली तीच मुळी पोहण्याच्या कपड्यांची स्पर्धा म्हणून.) जिंकल्यावर विनोदी नट बॉब होपच्या ताफ्याबरोबर व्हिएतनामला अमेरिकन सैनिकांसमोर गेली, त्यावरून इथे केवढी नाराजी झाली. आणि नंतर? सिनेमा नाही, मॉडेलिंग नाही. डॉक्टर झाली, लग्न केलं, डब्लिनला राहिली.

१९९४ चं म्हणाल तर सुश्मिता सेनने ‘मिस इंडिया’ला घातलेल्या गाऊनचं कापड दिल्लीच्या सरोजिनी नगर बाजारातलं, शिवणारा घराजवळचा शिंपी, आणि हातमोजे पायमोज्यांचे केलेले. हे ती स्वतःच सांगते. यात शास्त्रशुद्ध काय ते तुम्हीच सांगा. ट्रेनिंगचा कारखाना खरा जोरात चालला तो नंतर. डायना हेडन, युक्ता मुखी (ती तर आपल्या शेजारची, मुलुंडच्या केळकर-वझेमध्ये शिकलेली), २००० साली लारा दत्ता आणि प्रियांका चोप्रा, हे त्याच्या पदरात टाकते. पण २००० नंतर ‘मिस वर्ल्ड’ मिळायला २०१७ उजाडलं आणि ‘मिस युनिव्हर्स’ला २०२१. मधल्या वर्षांत ट्रेनिंग काय बंद होतं?

आता मधु सप्रे. इथे मला जरा जास्त बोलायचंय.

१९९२, बँकॉक, ‘मिस युनिव्हर्स’. शेवटच्या तिघींत आपली एक मराठी मुलगी. प्रश्न आला, देशाची सूत्रं हाती आली तर पहिलं काय कराल? ती म्हणाली, खेळांसाठी मोठं स्टेडियम बांधीन. तिसरी आली. मग वर्षानुवर्षं आपण सगळे तिला हसलो. गरिबी म्हणायचं सोडून मैदान काय म्हणते! इंग्रजी कच्चं, अक्कल कच्ची, काय काय बोललो. तिचं नंतरचं म्हणणं साधं होतं. गरिबी काही वर्षभरात जात नाही, आणि ती खेळाडू होती, तिला खेळातलं कळत होतं.

मी तेव्हा अकरावीत. दहावीपर्यंत खो-खो खेळले, शाळेच्या संघात होते. दहावीला घरातून फर्मान निघालं की आता पुरे, गुडघे फोडून घेऊन कोण विचारणार आहे. नौपाड्यातल्या किती घरांत हेच वाक्य याच सुरात म्हटलं गेलं असेल! दादोजी कोंडदेव स्टेडियमवरून जाताना मी मान दुसरीकडे वळवायचे. आणि त्या वर्षी पेपरात वाचलं की एक सप्रे आडनावाची मुलगी जगासमोर उभी राहून म्हणाली, मैदान बांधीन. काका, मला ते उत्तर तेव्हाही चुकीचं वाटलं नव्हतं. तुम्ही ज्याला तयारी म्हणता त्या तयारीने ‘जागतिक शांतता’ म्हणता येतं. तिने स्वतःचं काहीतरी म्हटलं.

मेमसाहेबांचा मुद्दा मात्र अर्धा मान्य. १९४७ ची ‘मिस इंडिया’ प्रमिला म्हणजे एस्थर व्हिक्टोरिया अब्राहम, कलकत्त्याची बगदादी ज्यू. मेहेर मिस्त्री, पर्सिस खंबाटा पारशी. इंग्रजी मासिकं वाचणारं, चालवणारं एक छोटं वर्तुळ होतं आणि मुली त्यातूनच यायच्या. आपल्याकडच्या मुलीने फॉर्म भरला असता तर आईने आधी फॉर्म फाडला असता, मग तिला. पण म्हणून त्या नुसत्या बाहुल्या होत नाहीत. प्रमिला मुकुट घेताना मुलाबाळांची आई होती, सिनेमात कामं करून नाव झालेली. वीस वर्षांनी तिची मुलगी नकी जहाँही ‘मिस इंडिया’ झाली. १९५२ च्या पहिल्या ‘मिस युनिव्हर्स’ला गेलेल्या इंद्राणी रहमानही आईच होत्या, आणि त्यांचं खरं काम नृत्य. भरतनाट्यम, कुचिपुडी आणि ओडिशी त्यांनी परदेशी रंगमंचांवर नेलं. पुढे कित्येक वर्षं लग्न झालेल्या बाईला या स्पर्धांत पाऊल टाकायची सोय नव्हती. मग पुढारलेला काळ कोणता, यावर आपण तलावपाळीच्या कट्ट्यावर भांडू.

‘स्वतःच्या मुलीला पाठवाल का?’ असं विचारलंत. तिने म्हटलं तर पाठवीन, कुरकुरत. सध्या ती लांब उडीसाठी पहाटे साडेपाचला उठते आणि रिक्षाचे पैसे मागते, तेवढं पुरे आहे.

राहता राहिलं ते तुमच्या प्रतिक्रियेतलं शेवटचं वाक्य, जे तुम्ही सहज लिहून गेलात: काकूंनी जपलेले ‘फेमिना’ आणि ‘ईव्हज वीकली’चे जुने अंक माळ्यावर पडलेत आणि दिवाळीच्या आत रद्दीवाल्याला द्यायचेत. कृपा करून देऊ नका. रविवारी सकाळी मी येते, पिशव्या आणि झाडू माझा. १९६६ चे अंक असतील तर ते मात्र तुम्ही आधी वर काढून ठेवा.