दुरुस्ती हवी, पण कोणत्या चुकांची?

एखाद्या खेळाडूची किंवा लोकप्रतिनिधीची इंग्रजी मुलाखत समाजमाध्यमांवर फिरू लागली की मराठी मंडळी तिच्या व्याकरणाची चिरफाड करायला बसतात. एक पक्ष म्हणतो, येत नसेल तर बोलूच नये; दुसरा म्हणतो, समजले ना, मग झाले. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आले ते २००० साली, त्याला पाव शतक उलटले, तरी वाद याच दोन टोकांवर अडलेला आहे. इंग्लंडमध्ये प्रौढ स्थलांतरितांच्या इंग्रजी वर्गाला स्वयंसेवक म्हणून मदत करताना मला दोन्ही पक्षांची तक्रार नेमक्या मुद्द्याला बगल देणारी वाटते.

चुका यदृच्छेने होत नाहीत. पोलिश माणूस 'द' गाळतो, कारण त्याच्या भाषेत, आपल्या भाषेप्रमाणेच, उपपद नाही. आपण 'ही डिडन्ट वेंट' म्हणून जातो, कारण 'तो गेला नाही' यात भूतकाळ मुख्य क्रियापदातच राहतो आणि इंग्रजीत तो 'डिड'मध्ये सरकतो, हे आपल्याला कोणी उलगडून सांगितलेले नसते. पिट कॉर्डर या भाषाशास्त्रज्ञाने १९६७ मध्येच मांडले होते की शिकणाऱ्याची चूक ही त्याच्या मनात घडत असलेल्या नियमव्यवस्थेचा पुरावा असते. आपल्याकडे मात्र ती अजूनही संस्कारांचा, किंबहुना लायकीचा पुरावा मानली जाते.

इकडे इंग्लंडमध्ये उलट प्रकार आहे. 'शी गो टू वर्क' म्हटले तरी समोरचा पापणी हलवत नाही, आणि या सभ्यतेलाच आपली माणसे पसंतीची पावती समजतात. दवाखान्यात परिचारिका विचारते, 'यू डोन्ट हॅव एनी अ‍ॅलर्जीज?' मराठी मनात उत्तर तयार असते, 'हो, नाही', आणि तोंडून निघते 'येस'. इंग्रजीत मात्र तिथे 'नो' अपेक्षित असते. ती सावध असेल तर पुन्हा विचारते, नसेल तर नोंद उलटी होऊ शकते. तसेच 'आय अ‍ॅम हिअर फॉर टू इयर्स' हे वाक्य. बोलणाऱ्याला म्हणायचे असते की मी दोन वर्षांपासून इथे आहे. ऐकणारा समजतो की याचा मुक्काम एकूण दोनच वर्षांचा आहे. नोकरी देणाऱ्याच्या किंवा घरमालकाच्या मनात हा गैरसमज राहिला तर तो महागात पडतो. गंमत अशी की हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे, त्यामुळे चित्रफिती तपासणाऱ्या पहारेकऱ्यांना ते सापडणारच नाही, आणि 'समजले ना' म्हणणाऱ्यांना आपले बोलणे भलतेच समजले गेले याचा पत्ता लागणार नाही.

दुरुस्ती कशी करावी, यावर अभ्यासकांतही एकमत नाही. लेखनातील व्याकरणाच्या दुरुस्त्या निष्फळ असून त्या सोडून द्याव्यात, असे जॉन ट्रसकॉट यांनी १९९६ मध्ये ठामपणे लिहिले; डेना फेरिस यांनी १९९९ मध्ये त्यांचा प्रतिवाद केला. बोलण्याच्या बाबतीत लिस्टर आणि रांटा यांची १९९७ ची पाहणी मला अधिक उपयोगाची वाटते. कॅनडातील फ्रेंच माध्यमाच्या वर्गांत शिक्षक बहुतेक वेळा विद्यार्थ्याचे वाक्य शुद्ध करून स्वतःच उच्चारत आणि पुढे जात. विद्यार्थ्याला मात्र आपली चूक दुरुस्त झाली हे अनेकदा कळतही नसे. त्याच्याकडूनच नवे वाक्य काढून घेणाऱ्या पद्धतींना प्रतिसाद चांगला मिळाला.

आमच्या वर्गातील शिक्षिका हेच करतात. 'द' गाळला तर त्या बोलणे तोडत नाहीत, पण कोणी 'फॉर टू इयर्स' म्हणाले की साळसूदपणे विचारतात, 'म्हणजे दोन वर्षे झाली की तुम्ही परत जाणार?' तो दचकतो, 'नो, नो' म्हणतो, जरा थांबतो आणि 'आय हॅव बीन हिअर' असे वाक्य स्वतःच नव्याने जुळवू लागतो. आपल्या वर्गांत 'सिन्स' आणि 'फॉर' गाळलेल्या जागांत भरून घेतले जातात, त्यातला काही वेळ अशा उलटप्रश्नांना आणि नकारार्थी प्रश्नांच्या उत्तरांना द्यायला अभ्यासक्रम बदलण्याचीही गरज नाही.