गुण कोणाच्या खात्यावर मांडावा

आजारी पडणे आपल्या हाती नसते. परंतु कोणत्या पॅथीने बरे व्हायचे हे बऱ्याच अंशी आपल्या हाती असते, आणि बरे झालो नाही तर दोष कोणत्या पॅथीला द्यायचा हे तर सर्वस्वी आपल्याच हाती असते. या दुसऱ्या कामाची तजवीज आधीपासून करून ठेवणारा रुग्ण सहसा तोंडघशी पडत नाही. आपणही त्या तयारीचे रुग्ण व्हावे, एवढ्याच हेतूने हे चार शब्द.

सर्वांत आधी, औषध पारखण्याच्या भानगडीत पडू नये; देणारा पारखावा. एका दवाखान्यात डॉक्टर संगणकाच्या पडद्यावरची नजर न हलवता "किती दिवसांपासून?" असे विचारतात, आपण तीन वर्षांपूर्वीपासूनची हकीकत सुरू करतो, आणि ती दुसऱ्या वाक्यावर आली असतानाच तपासण्यांचा कागद आपल्यापुढे सरकलेला असतो. दुसरीकडे आपण कोणत्या कुशीवर झोपता, घाम आधी कपाळाला येतो की मानेला, स्वप्नात पाणी दिसते का, लहानपणी अंधाराची भीती वाटत असे का, अशी विचारपूस तासभर चालते. घरातल्या माणसांनी गेल्या वीस वर्षांत आपली एवढी चौकशी केलेली नसते. साहजिकच पायऱ्या उतरतानाच निम्मे दुखणे उतरलेले असते आणि पुडी तर अजून उघडायचीच असते. मग गुण पुडीचा की त्या तासाचा, असा प्रश्न एखाद्या वेळी मनात डोकावेल. तो तिथेच दडपावा. त्याच्या मागे लागलात तर पहिल्या डॉक्टरांनीही थोडे ऐकून घेतले असते तर काय झाले असते, इथवर जाऊन पोहोचाल, आणि मग कोणावरच धड रागावता येणार नाही.

दुसरे महत्त्व मुहूर्ताचे. पर्यायी औषध नेहमी दुखणे शिगेला पोहोचल्यावरच सुरू करावे. सर्दी आठ-दहा दिवसांत आपली आपण जाते, अंगावरचे पुष्कळसे जुने विकार भरती-ओहोटीसारखे वरखाली होत असतात, आणि शिगेला पोहोचलेल्या दुखण्याला उतरण्यावाचून दुसरी वाट फारशी उरलेली नसते. प्रस्तुत लेखकाची पाठ एकदा धरली होती. पहिले तीन आठवडे डॉक्टरांच्या गोळ्यांत "वाया" घालवून चौथ्या आठवड्यात एका तेलाकडे वळलो आणि पाचव्या आठवड्यात ताठ चालू लागलो. अचानक धरलेल्या बहुतेक पाठी चार-सहा आठवड्यांत काही न करताही सुटतात, हे नंतर वाचनात आले. पण तोवर ते तेल मी सात जणांना सुचवून बसलो होतो, आणि दिलेला शब्द मागे घेणे मला जड जाते.

दोन्ही औषधे एकदम चालू असतील तर हिशेब आणखी सोपा होतो. ताप उतरला की पुडी लागू पडली, आणि तोंड आले की गोळ्या उष्ण पडल्या. या जमाखर्चात खाडाखोड करू नये.

आता सुरक्षिततेविषयी. ज्या औषधाच्या खोक्यात दुष्परिणामांची बारीक अक्षरांतली लांबलचक यादी निघते ते औषध घातक समजावे, आणि ज्याच्याबरोबर कागदाचा कपटाही येत नाही ते निर्धोक. वनस्पती तर निसर्गाने आपल्याच प्रकृतीची चौकशी करून उगवलेली असते. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन उतरवण्यासाठी ॲरिस्टोलोकिया वर्गातली वनस्पती पोटात गेलेल्या शंभराहून अधिक रुग्णांची मूत्रपिंडे बिघडली आणि पुढे त्यांच्यापैकी काहींना मूत्रमार्गाचा कर्करोग झाला, ही माहिती कोणी पुढे केलीच, तर गरोदर बायकांनी घेतल्याने बाळे व्यंग घेऊन जन्मली, त्या थॅलिडोमाइड नावाच्या डॉक्टरी गोळीचे नाव घ्यावे. ते 1961 साली बाजारातून मागे घेतले गेले होते. ते मागे घेण्याइतकी नोंद कोणी ठेवली होती, हा भाग सांगण्याची गरज नाही.

एखाद्या वनस्पतीने फितुरी केली तर मात्र तिच्याशी संबंध तोडावा. ॲनुआ जातीच्या आर्टेमिसियाचा उल्लेख चीनच्या जुन्या वैद्यकग्रंथांत होता. चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांनी 1970 च्या दशकात त्यातून हिवतापावरचे आर्टेमिसिनिन वेगळे काढले, ते तपासले, मात्रा ठरवली, आणि 2015 साली त्यांना नोबेल मिळाले. त्या दिवसापासून ती बिचारी वनस्पती "इंग्रजी औषध" झाली. तपासणीत उतरलेले औषध पलीकडच्या गटात जाते, त्यामुळे अलीकडे काय उरते हे विचारू नये.

होमिओपॅथीच्या तीस पोटेन्सीची भीती बाळगण्याचे तर काहीच कारण नाही. मूळ द्रव्य शंभरात एक या प्रमाणात तीस वेळा विरळ केले की एकावर साठ शून्ये एवढ्या भागांत एक भाग उरतो. बाराव्या पायरीच्या आसपासच मूळ द्रव्याचा शेवटचा रेणू निरोप घेतो. त्यामुळे याला साइड इफेक्ट नाही, हे विधान अगदी तंतोतंत खरे आहे.

आजार किरकोळ असेल तोवर ही सारी मौज परवडते. कर्करोगासारख्या ठिकाणी मात्र थोडे धैर्य लागते, कारण 2018 साली एका कर्करोग संशोधनपत्रिकेत आलेल्या अमेरिकी अभ्यासात, शस्त्रक्रिया, किरणोपचार वगैरे टाळून केवळ पर्यायी उपचार घेतलेल्या 281 रुग्णांमध्ये मृत्यूचा धोका सुमारे अडीच पट आढळला. स्तनाच्या कर्करोगात तर पाचपटीहून अधिक. हे सगळे रुग्ण आजार दूरवर पसरण्याआधीच्या अवस्थेतले होते, म्हणजे ज्यांना वेळ होता असे. या औषधांचे अनुभव सांगायला नेहमी बरे झालेलेच का पुढे येतात, याचे उत्तर इथे कुठेतरी असावे. पण गेलेल्या माणसाला अनुभवकथनाची सवड नसते, एवढे म्हणून आपण विषय बदलावा.

शेवटची युक्ती सर्वांनाच उपजत येते. डॉक्टर रक्तदाब मोजून पट्टा सोडतात, पेन उचलतात आणि खाली मान घालूनच विचारतात, "आणखी काही औषध घेता?" सेंट जॉन्स वर्ट नावाच्या वनस्पतीमुळे प्रत्यारोपणानंतरच्या औषधाचे रक्तातले प्रमाण घटून, बसवलेले हृदय शरीराने नाकारू लागल्याच्या नोंदी 2000 साली प्रसिद्ध झाल्या आहेत, असले काही वाचलेले असल्यामुळेच ते विचारत असतात. आपला हात नकळत खिशावर जातो. पुडी जागेवर आहे, सकाळची एक मात्रा त्यातून कमी झाली आहे, आणि संध्याकाळची अजून शिल्लक आहे. सोबत आलेली बायको आपल्याकडे पाहते, आपण भिंतीवरच्या फुप्फुसांच्या चित्राकडे पाहतो.

"छे, काही नाही," आपण म्हणतो, आणि डॉक्टर तसे लिहून घेतात.