काही घाट घालू नकोस!

मे महिन्यात आमच्या घरात एक वाक्य फार प्रेमानं म्हटलं जातं आणि ते ऐकलं की मला दरदरून घाम फुटतो. "हे बघ, एवढ्या उकाड्यात तू काही घाट घालू नकोस. काहीतरी सोपंच कर."

म्हणणाऱ्याच्या मनात खोट नसते. त्याला खरोखरच माझी दया आलेली असते. अडचण एवढीच, की 'काहीतरी सोपं' नावाचा पदार्थ कसा करतात ते मला माहेरी कुणी शिकवलेलं नाही. मला सोपं म्हणजे दहीभात माहीत आहे. दडपे पोहे माहीत आहेत. पातळ पोह्यांना ओलं खोबरं, कांदा, लिंबू आणि नारळाचं पाणी लावून दडपून ठेवायचे, वरून एक फोडणी, गॅसशी संबंध दोन मिनिटांचा. सोबत पन्हं नाहीतर ताक. एवढ्यावर अख्खा मे महिना काढायची माझी तयारी असते. पण नणंद दोन मुलांना घेऊन माहेरपणाला आलेली, रविवारी जावई त्यांना न्यायला येणार, आणि मी दहीभाताचं नाव काढताच धाकट्या भाच्यानं स्वतःच्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं.

"मामी, पाणीपुरी कर ना!"

सगळ्या घराचं एकमत झालं. आमच्याकडे चहात आलं घालावं की वेलची यावर गेली १६ वर्षं एकमत नाही, पण पाणीपुरीला एका सेकंदात झालं. "सोपंच आहे," हे म्हणाले. "पाणी आणि पुरी. त्यात करायचंय काय?"

"गाडीवर जाऊन खाऊया की," मी सुचवून पाहिलं.

"गाडीवरचं पाणी कुठलं, बर्फ कुठला, कोण जाणे," आई म्हणाल्या. "त्यातून तो मनगटापर्यंत हात बुडवतो. उन्हाळ्यात पोरांची पोटं बिघडायची." हे खोटं नव्हतं, त्यामुळे मला वाद घालता येईना. "घरीच कर," त्या म्हणाल्या, "पण घाट नको घालूस."

तर रविवारच्या सोप्या पाणीपुरीला मी शुक्रवारी सकाळी सुरुवात केली. मूग भिजवले, कारण त्यांना मोड यायला हवेत. उकाड्यात मोड भराभर येतात, हा मे महिन्याचा माझ्यावरचा एकमेव उपकार. शनिवारी रात्री पांढरे वाटाणे भिजवले, कारण गरम रगडा नसेल तर ती पाणीपुरीच नव्हे असं जावयांचं मत आहे. जावयांची मतं आमच्याकडे मानपानात येतात. मग चिंच भिजवली, खजूर भिजवला. रात्री झोपताना ओट्यावर इतकं काय काय भिजत पडलं होतं की प्यायचं पाणी काढून ठेवायला भांडं उरलं नाही. यातलं अवघड काहीच नाही बरं का! चिंच-खजूर शिजवून गाळून घ्यायचे, झालं. फक्त गाळणीतून गर खाली उतरत नाही आणि दोरे-चोथा मात्र कसा कोण जाणे खाली उतरतो.

आता पुऱ्या. तयार पुऱ्यांची पाकिटं मिळतात हे मलाही ठाऊक आहे. ह्यांनी आणलंही होतं एक. आईंनी ते उघडून नाकाशी धरलं आणि न बोलता टेबलावर ठेवलं. खवट होतं. घरातल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. तेवढ्यात मोठ्या भाचीनं मला फोनवर एक व्हिडिओ दाखवला. त्यातल्या बाईनं रवा भिजवण्यापासून पुरी तोंडात टाकण्यापर्यंत सगळं एका मिनिटात उरकलं होतं आणि तिच्या ओट्यावर तेलाचा एक थेंब नव्हता. तिच्या मागे पडदा हलत होता, म्हणजे पंखाही चालू होता. मला तिथंच संशय यायला हवा होता.

कारण पुऱ्या करताना पंखा चालत नाही. एक तर गॅसची ज्योत फडफडते, आणि दुसरं म्हणजे लाटलेल्या पुऱ्यांवर वारा लागला की त्या वाळतात आणि वाळलेली पुरी फुगत नाही. बारीक रवा, थोडा मैदा, घट्ट मळायचं, अर्धा तास झाकून ठेवायचं, पातळ लाटायचं, वाटीच्या काठानं गोल कापायचं, आणि हे सगळं होईतो पीठ आणि पुऱ्या ओल्या फडक्याखाली. बाहेर पारा चाळिशीला टेकलेला, आत पंखा बंद, कढईतून धूर निघतोय, आणि त्या अख्ख्या स्वयंपाकघरात सुखात कोण असेल तर रव्याचा गोळा. त्याच्या अंगावर गार ओला पंचा. मधून मधून मी तो उचलून बघत होते. पीठ बघण्याचं निमित्त, खरं म्हणजे हात गार करून घ्यायचे होते.

पुरी फुगते ती वाफेनं. तेलात पडल्या पडल्या पिठातल्या पाण्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही की ती वरचा पापुद्रा उचलते. एवढंसं भोक पडलं की वाफ निसटली आणि पुरी बसली. जाड लाटली तर फुगते, पण गार झाल्यावर मऊ पडते. मी ८० पुऱ्या कापल्या. त्यातल्या ४३ फुगल्या. उरलेल्या तेलात नुसत्या तरंगत राहिल्या, सुट्टीत झोपाळ्यावर पडलेल्या माणसांसारख्या. मी झाऱ्यानं दाबलं, वर तेल उडवलं, शेवटी चांगल्या शब्दांत समजावलं. दर दहा मिनिटांनी कुणीतरी स्वयंपाकघराच्या दारात डोकवायचं, "बाप रे, किती गरम होतंय इथं!" म्हणायचं आणि एक फुगलेली पुरी उचलून पळायचं. बसलेली कुणीच उचलत नव्हतं.

पाण्याचं काम ह्यांनी घेतलं होतं. नावातलं अर्धं काम. पुदिना, कोथिंबीर, मिरच्या, आलं मिक्सरमध्ये, बर्फाचं पाणी, लिंबू. बर्फ महत्त्वाचा, कारण पुदिना वाटला की त्याला हवा लागते आणि तो काळा पडायला लागतो. गारवा आणि लिंबाचा आंबटपणा त्याला जरा धरून ठेवतात. हे मी ह्यांना व्यवस्थित सांगितलं होतं. फक्त सकाळपासून भाच्यांनी दोन्ही ट्रेमधला बर्फ चोखून संपवला आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. वाटण मिक्सरमध्ये तसंच ठेवून हे बर्फ आणायला गेले आणि वाटेत कुणीतरी भेटलं. परत आले तेव्हा पाण्याचा रंग श्रावणातल्या डबक्यासारखा झाला होता.

"चवीला काय होतंय," म्हणत आईंनी त्यात काळं मीठ घातलं. आईंचा हात सढळ. काळ्या मिठात गंधकाचा अंश असतो, म्हणून त्याला उकडलेल्या अंड्यासारखा वास येतो. चिमूटभर असेल तर तोच वास पाणीपुरीचा वाटतो. दोन मोठे चमचे असेल तर शेजारच्या काकू दार वाजवून विचारतात, "तुमच्याकडे अंडी कधीपासून चालायला लागली?" काकूंना खुलासा केला, पटला नाही, म्हणून जेवायलाच थांबवून घेतलं. म्हणजे माणसं आठ झाली आणि पुऱ्या ४३ वजा पळवलेल्या.

इंदूरच्या एका हॉटेलानं २०१५ साली पाणीपुरीसाठी ५१ चवींची पाणी ठेवून विक्रम केला होता म्हणे. आमच्याकडे पाणी एकच होतं, पण पहिल्या घोटाला ते कशाचं आहे यावर आठ जणांची आठ मतं पडली.

खरी गंमत पुढे. ताटात वाढलेली पाणीपुरी हा प्रकार जगात नाही. पुरीत पाणी भरलं की ती काही क्षणांत तोंडात गेली पाहिजे, नाहीतर तळ सुटतो. मी टेबलावर सगळं मांडून "घ्या आता ज्याचं त्यानं" म्हटलं, तर तीन मिनिटांत जावयांच्या सदऱ्यावर चिंच, आईंच्या मांडीवर रगडा आणि धाकट्याच्या बाहीतून पाणी. मग ताई म्हणाली, "वहिनी, तूच दे गं एकेक. तुझा हात बसलाय."

माझा हात बसलाय! मी उभी राहिले. पातेल्यामागे. समोर वाट्या घेऊन अर्धगोल.

अंगठ्यानं फोडायचं, रगडा, मूग, गोड चटणी, पाण्यात बुडवायचं, वाटीत ठेवायचं. तेवढ्यात पुढची वाटी. "मला गोड नको." "माझी मध्यम." "मला कांदा घालून, पण तिला नको." "अगं, माझी पाचवी झाली का सहावी?" मी कुणाची कितवी ते कसं सांगणार? मला माझं नाव आठवत नव्हतं. पातेल्यात माझा हात मनगटाच्या वर बुडत होता आणि आईंनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. गाडीवाल्याचा हात तो हात, सुनेचा हात म्हणजे पळी.

जावई दोन पुऱ्यांच्या मध्ये माहिती देत होते. दिल्लीला गोलगप्पे म्हणतात, कोलकात्याला पुचका, ओडिशात गुपचुप. सगळे खात खात एकदम बोलत होते, तेव्हा या घरात गुपचुप काय ते मीच होते. मग त्यांनी उन्हाळ्यात तिखट का खावं तेही सांगितलं. मिरचीतल्या कॅप्सेसिनमुळे शरीराला उगाचच वाटतं की आपण तापलोय, म्हणून घाम सुटतो, आणि घाम वाळला की अंग गार पडतं. त्या हिशेबानं मी सकाळी दहापासून हिमालय व्हायला हवी होते.

शेवटी भाचीनं वाटी पुढे केली. "मामी, सुकी पुरी?"

ही प्रथा कुणी सुरू केली मला माहीत नाही, पण प्लेट संपली की एक सुकी फुकट मागायचीच. गाडीवर मीही मागते, हक्कानं. आता सात वाट्या पुढे आल्या होत्या आणि परातीत फुगलेल्या पुऱ्या उरल्या होत्या बरोबर सात. दिल्या. मसाला भुरभुरून दिल्या.

"मस्त झालं होतं हं सगळं," हे तृप्तीनं म्हणाले. मग जरा विचार करून, "पण गाडीवरची चव नाही येत बुवा घरी."

मी काही बोलले नाही. घासायला एक कुकर, एक कढई, मिक्सरची तीन भांडी, दोन गाळण्या, पाच पातेली आणि वाट्या, त्या मी मोजल्याच नाहीत. कामाच्या मावशी लग्नाला गावी गेलेल्या. सगळं आवरल्यावर मी दोन बसलेल्या पुऱ्या कुस्करून त्यावर उरलेला रगडा घातला आणि ओट्याशी उभ्या उभ्या खाल्ला. पंखा लावला होता. तेवढा हट्ट केलाच.

दुसऱ्या दिवशी ताईची मंडळी गेली. संध्याकाळी मी दळण आणायला म्हणून बाहेर पडले. गिरणी डावीकडे आहे. मी उजवीकडे वळले.

कोपऱ्यावरच्या गाडीशी पाच-सहा जण उभे होते. मी द्रोण हातात घेतला आणि नेहमीसारखी पुरीकडे न बघता त्याच्या हातांकडे बघत राहिले. कॉलेजच्या दोन मुली, एक आजोबा, एक बाई आणि तिचा हट्टी मुलगा, मी. एकाला तिखट, एकाला गोड, आजोबांना कांद्याशिवाय. हात एकाकडून दुसऱ्याकडे फिरत होता आणि कुणाची कितवी हे त्याला बरोबर ठाऊक होतं. एकही पुरी भलत्या जागी फुटली नाही. पाणी हिरवंगार. रविवारपर्यंत मी या माणसाला कधी 'धन्यवाद'सुद्धा म्हटलं नव्हतं.

चौथ्या पुरीनंतर मला राहवेना. माझ्या त्या हिंदीत मी विचारलं, "भैया, तुम खुद कब खाता है?"

त्यानं आश्चर्यानं वर बघितलं, हात न थांबवता. "हम? हम तो वडापाव खाते हैं, दीदी."

साहजिक आहे. याला वाढणार कोण? मी सहावी खाल्ली, पैसे दिले, मुकाट्यानं पिशवी उचलली. काही मागायचं मनच झालं नाही. चार पावलं गेले असेन, तर मागून त्याची हाक आली.

"ओ दीदी! सूखी रह गई आपकी!"

मी परत फिरले. दळणाची पिशवी खाली ठेवली आणि दोन्ही हात पुढे केले.